नऊशे हिवाळे आणि एक खाडा

“परत,” राजवाडे म्हणाला.

काचेच्या पलीकडं तो, अलीकडं मी. अकरावी वेळ होती. मी श्वास घेतला, मान ताठ केली आणि किंचाळले. म्हणजे किंचाळायला गेले. बाहेर आली ती वाफ संपलेल्या कुकरची शिट्टी.

हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, एकदम मऊ. राजवाडे मऊ बोलायला लागला की समजायचं, आता काहीतरी वाईट येतंय.

“सुवर्णा, पाणी पी. बाहेर ये.”

“अजून एकदा लाव.”

“घसा गेलाय तुझा.”

“गेलेला नाही. चिडलाय. लाव म्हणते ना!”

“अगं, रक्त यायची वाट बघायची आहे का? ये बाहेर.”

नऊ वर्षं झाली याला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, तशी भांडखोर, आणि इचलकरंजीतल्या एकुलत्या एका मेटलकोर बँडची गायिका. मेटलकोर म्हणजे काय हे माझ्या मावश्यांना मी आजतागायत समजावून सांगू शकलेली नाही, तरी सांगते. गिटारी जड, ड्रमचा भडिमार, आणि गाणारा गात नाही, किंचाळतो. मधेच सगळं एकदम संथ होतं, जमिनीत घण मारल्यासारखा ठेका पडतो, आणि समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर जाऊन आदळतात. आनंदानं आदळतात, हे महत्त्वाचं.

आम्ही तिघं होतो. गिटारवर आदिनाथ चौगुले, माझ्या शाळेतला. त्याच्या काकांचा यंत्रमागाचा कारखाना, आणि माझी आई त्याच कारखान्यात कांडीवाली, म्हणजे मागांना सुताच्या कांड्या पुरवणारी. ड्रमवर इलाही मोमीन. त्याचे अब्बा मागावर, तोही अर्धी पाळी मागावर, आणि उरलेला वेळ ड्रमवर. माग आठवड्यातून एक दिवस बंद असायचे. त्या दिवशी आम्ही कारखान्यात सामान लावायचो आणि सहा दिवसांचा कान फोडणारा खडखडाट एका दिवसात परत करायचो.

बँडचं नाव ‘पेल वुल्व्ज’. आमच्यातल्या एकानंही लांडगा बघितलेला नव्हता. पहिल्या अल्बमचं नाव ‘नाईन हंड्रेड विंटर्स’, म्हणजे नऊशे हिवाळे. आमच्याकडं थंडी पडते पंधरा दिवस, तीही दुपारी अकराला उठून जाते. पण आम्हाला वाटायचं, मेटल म्हणजे बर्फ, राख, पडकी राज्यं. सगळं इंग्रजीत. मी जे किंचाळायचे त्यातलं निम्मं मलाच कळायचं नाही. राजवाडेनं तो अल्बम पुण्यात त्याच्या स्टुडिओत केला, एकेक ठोका कात्रीनं कापल्यासारखा सरळ करून, आणि चमत्कार झाला. तो चालला. बेंगळुरूची, शिलाँगची पोरं आम्हाला मेसेज करायला लागली. दुसऱ्या अल्बमची विचारणा सुरू झाली.

आणि दुसऱ्या अल्बमच्या पहिल्याच दिवशी माझी ही शिट्टी.

बाहेर आले तर आदिनाथ बुटाच्या नाडीशी खेळत बसलेला. इलाही खिडकीतून बाहेर बघत होता.

“हे बघ,” राजवाडे खुर्ची फिरवून म्हणाला, “घाबरू नकोस. नऊशे हिवाळ्यांच्या वेळच्या तुझ्या साडेतीनशे किंकाळ्या माझ्याकडे आहेत. लांब, आखूड, वरच्या, खालच्या. सगळ्या वेगवेगळ्या ठेवल्यात. त्यातल्या उचलतो आणि नव्या गाण्यांवर बसवतो. कुणाला कळणारही नाही.”

“मला कळेल.”

“आवाज तुझाच आहे ना?”

“मग मी काय करू? चहा आणू?”

“तू घसा बरा कर. लोकांना तीच सुवर्णा हवी आहे. तीच देऊ.”

मी आदिनाथकडं बघितलं. तो म्हणाला, “आधी डॉक्टरला दाखव सुवे. मग बघू.” त्या ‘मग बघू’मधे सगळं आलं होतं.

इचलकरंजीला परत आले आणि आईला घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं गेले. म्हणजे तीच मला घेऊन गेली. माझी आई, शालन बुगड. वडील गेल्यावर तिसऱ्या दिवशी कामाला लागली आणि बावीस वर्षांत तिनं एक खाडा केला नव्हता. आमच्याकडं कामाला दांडी मारण्याला खाडा म्हणतात. मला दवाखान्यात न्यायलाही ती पाळी संपवूनच आली, केसांत सुताचा कापूस तसाच.

डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या, दोन्हीकडं. ते बेसिनवर पाठमोरे हात धुत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, “आई, हिचा आवाज असा किती दिवसांपासून बसतोय?”

आई गप्प. त्यांनी परत विचारलं. आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलेली. मला वाटलं, चिडलीय. माझ्या या किंचाळण्यावर ती तशी पहिल्यापासून खूश नव्हतीच. पहिल्या अल्बमचा व्हिडिओ मी तिला मोठ्या हौसेनं मोबाइलवर दाखवला होता. तिनं शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली होती, “कोण मारतंय का गं तुला?”

“सहा महिने,” मीच घोगऱ्या आवाजात सांगितलं.

“दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही,” डॉक्टर वळून म्हणाले. “कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर बोलण्याचा आवाजही राहणार नाही, गाणं सोडाच.”

घरी येताना मला रिक्षातच रडू फुटलं. आवाज न करता रडणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं. मला दुसरं काही येत नव्हतं हो. बी.कॉम. अर्धवट, नोकरी नाही, दिसायला बेताची. एक आवाज होता, आणि आता माझा जुना आवाज पुण्यात कॉम्प्युटरमध्ये सुखात बसला होता आणि मला बाहेर काढू बघत होता.

मग मौन सुरू झालं. गल्लीतल्या बायकांनी हैराण केलं. “का गं, नवस आहे का?” “तोंड आलंय का?” पाटी-पेन घेऊन हिंडायचा मला वैताग आला. गंमत म्हणजे घरात काहीच अडलं नाही. मी नुसते ओठ हलवायचे आणि आई चटकन उत्तर द्यायची. “मीठ कमी पडलंय? घाल की मग.” “मोबाइल उशाखाली हाय बघ.” दहा दिवस मी मुकी होते आणि आईला काही फरकच पडला नाही. मला तेव्हा त्याचं नवलही वाटलं नाही. आई आहे, तिला कळणारच, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी गल्लीला कंटाळून तिच्याबरोबर कारखान्यात जाऊन बसले. तिथं कुणीच बोलू शकत नाही. अठ्ठेचाळीस माग एकदम चालू असतात. सगळे हातवारे करतात, ओठ वाचतात. जगात एकच जागा अशी होती जिथं मी इतरांसारखीच होते.

लहानपणी मला त्या खडखडाटाचा राग यायचा. कानात हेडफोन घालून मी मेटल ऐकायला लागले तेच मुळी त्याला बाहेर ठेवायला. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिथं नुसती बसून राहिले.

आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी नावेत, बसते ती सुताची गुंडाळी. ती संपत आली की मागावरचा माणूस हात वर करून ओरडतो, “कांडी!” आणि कांडीवालीनं लांबून उत्तर द्यायचं, “आली!” उत्तर मिळालं नाही तर तो माग सोडून भांडायला येतो. ओरडणारे बापे गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते, तरी चार मागांपलीकडं काही पोचत नव्हतं. आणि माझी आई, पाच फुटांची बाई, तोंड उघडून सहज म्हणायची, “आली!” आणि शेवटच्या भिंतीजवळचा माणूस मान हलवायचा.

दिवसभर मी तेवढंच बघितलं. ती ओरडत नव्हती. घाई नव्हती. हाक आली की एक क्षण थांबायची, आणि मग टाकायची.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला ओठांनी विचारलं, “तुझाच आवाज कसा पोचतो?”

“त्ये बापे वरनं वरडत्यात,” ती भाकरी मोडत म्हणाली. “माग काय कुणाच्या बाचं ऐकत न्हाई. त्याच्या डोक्यावर बसायला गेलं की तुझाच गळा जातोय. माग भरतोय आणि उतरतोय बघ. सगळे एका दमात बडवत न्हाईत. मधी वाइच जागा पडती. त्यात टाकायचा शब्द. ल्हान. आणि हितनं.” तिनं माझ्या बेंबीखाली तळहात दाबला.

“जागा पडली ते कळतं कसं?”

“पायाला कळतंय. चप्पल काढ.”

मी चप्पल काढली. सुट्टी संपली, माग सुरू झाले. आधी नुसतं झिणझिणलं. पाऊण तासानं, देवाशपथ सांगते, मला ते कळलं. फरशीतून येणारा तो दणका दाटत जातो, दाटत जातो, आणि मग एकदम विरळ होतो. जेमतेम एक शब्द मावेल एवढा वेळ.

सात दिवस मी तिथं अनवाणी बसले. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी दिवसाला दहा मिनिटं बोलायची परवानगी दिली. मी सरळ कारखान्यात गेले, मागांच्या मधे उभी राहिले, जागा पडेपर्यंत थांबले आणि पोटातून एक शब्द सोडला. “थांब!”

तीस फुटांवर इलाहीनं घाबरून माग बंद केला.

“काय झालं? सूत तुटलं?” त्यानं हातवारे करत विचारलं.

“न्हाई,” मी म्हणाले. “जमलं!” मी त्याला मिठी मारली. तो लाजून चूर झाला, अब्बा समोरच होते. घसा अजिबात दुखला नव्हता. आलेला आवाज किंकाळी नव्हती. जाड, खालचा, आखूड असा काहीतरी होता. माझाच होता, आणि मी तो याआधी ऐकलेला नव्हता.

इलाहीला मी चप्पल काढायला लावली. त्याला समजवावं लागलं नाही. दोन मिनिटांत त्याचं तोंड उतरलं.

“सुवे,” बाहेर आल्यावर तो म्हणाला, “पहिल्या अल्बमात मी एकदापण पाय उचललेला न्हाई गं. नुसता बडवत सुटलोय.”

“मीपण.”

“आपण सुट्टीच्या दिवशी गाणी बसवायचो. माग बंद असायचे. म्हणून सगळी जागा भरून काढायचो आपण.”

एवढं लांब वाक्य इलाही आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी गाणी पुन्हा बांधली, माग चालू असताना. शब्द मराठी झाले, ठरवून नव्हे. एवढ्याशा जागेत ‘नाईन हंड्रेड विंटर्स’ मावतच नाही. सूत मावतं. हात मावतो. एक गाणं झालं, त्याचं नाव ‘खाडा’. “हात बंद. पाय बंद. आज. खाडा.” एवढंच. प्रत्येक शब्दाच्या आधी थांबणं, आणि शेवटी सगळ्यात लांब थांबणं, चार ठोक्यांचं. मग शेवटचा घाव.

आदिनाथला ऐकवलं तेव्हा तो काकांच्या ऑफिसात बसला होता, काचा बंद करून.

“गाण्याला भोकं पाडालीस तू,” तो म्हणाला.

“भोकं न्हाईत, जागा आहेत.”

“लोकांना काय पाहिजे ते तरी बघशील? ‘विंटर्स’सारखं दुसरं मागाल्यात ती. आणि तुझी किंकाळी कुठाय? ही तर हाक मारल्यासारखी वाटती.”

“हाकच हाय ती.”

त्याची नजर सरकली. मी विचारलं, “काय केलंस आद्या?”

“राजवाडेनं तीन गाणी तयार केल्यात,” तो म्हणाला. “जुन्या किंकाळ्या लावून. मी हो म्हणालो.”

“मला न विचारता?”

“तू बोलत नव्हतीस की!”

“लिहिता येत होतं मला!” मी टेबलावर हात आपटला. दहा मिनिटांतली दोन मिनिटं त्याच्यावर खर्च झाली. “माझंच मढं माझ्या जागी उभं करतोयस, आणि वर मी बोलत नव्हते म्हणतोस?”

शेवटी ठरलं ते असं. गुरुवारी पुण्याला जायचं. ‘खाडा’ एकदाच वाजवायचं, तिघांनी एकत्र. राजवाडेला आणि आदिनाथला पटलं तर अल्बम नव्या पद्धतीनं. नाही पटलं तर जुन्या किंकाळ्या, आणि मी बँडमधून बाहेर. शेवटचं मीच म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं, मागं घेणं माझ्या स्वभावात नाही.

बुधवारी मी बॅग भरत होते. आई दारात उभी होती.

“मी येतो,” ती म्हणाली. आमच्याकडं बायका अशाच बोलतात.

“कामाचं काय?”

“खाडा.”

मला हसू आलं. तिला वाटलं, खोटं वाटतंय मला. “बावीस वर्सं न्हाई केला. आता करतो. तू एवढं जिवावर उदार होऊन काय करतीस, ते बघायचंय मला.” माझा मोबाइल घेऊन तिनं मुकादमाला निरोप दिला, त्याचं उत्तर न ऐकताच फोन ठेवला, आणि नवं लुगडं काढलं.

स्टुडिओत पोचल्यावर राजवाडेनं आधी त्याची गाणी लावली. मला वाटलं होतं, मला ती ऐकवणार नाहीत. मोठ्या हिमतीनं उभी राहिले होते. पण तसलं काही झालं नाही. ती चांगली होती. नव्या गिटारींवर माझा जुना आवाज असा तडतडत होता की माझ्याच अंगावर काटा आला. कुठंही सांधा दिसत नव्हता. राजवाडेचं काम म्हणजे कामच होतं, ते मान्य केलंच पाहिजे.

“वाईट वाटून घेऊ नको,” आदिनाथ हळू म्हणाला. “पण ही तू आहेस, सुवे.”

“होते,” मी म्हणाले. “चला.”

मी बूट काढले. इलाहीनंही काढले. आदिनाथ बघत राहिला. ड्रमच्या खोलीला लाकडी जमीन होती. मी राजवाडेला सांगितलं, ठेका धरायला हेडफोनमध्ये वाजते ती टकटक बंद कर, आम्ही एकमेकांकडं बघून वाजवू. तो डोक्याला हात लावून बसला, पण बंद केली. तेवढ्यात बघते तर आई आमच्या मागोमाग आत आलेली. तिनं चपला दाराशी काढल्या आणि ड्रमपासून दोन हातांवर स्टूल ओढून बसली.

राजवाडे धावत आला. “अहो काकू, इथं नाही बसता येणार! बाहेर काचेमागे बसा. आत फार मोठा आवाज होतो, कान फाटतील तुमचे.”

आईनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि हसली.

“कानाचं काय घेऊन बसलाय साहेब,” ती म्हणाली. “त्ये कवाच गेलेत. उजवा तर पारच. डाव्यात वाइच काय तरी घुमतंय, बास.”

“म्हणजे?” मी विचारलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं उत्तर दिलं नाही.

मी तिच्यासमोर गेले. खाली वाकले. “आई, कधीपासून?”

“दहा-बारा वर्सं झाली असतील. कांडीवाल्या सगळ्या अशाच. त्यात काय सांगायचं?”

इलाही मान खाली घालून बसला होता. त्याला माहीत होतं. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या डोळ्यांसमोरून एकेक गोष्ट गेली, डॉक्टरांचं बेसिन, माझं दहा दिवसांचं मौन, तो व्हिडिओ. तिनं ‘नऊशे हिवाळे’ ऐकलेच नव्हते. माझं तोंड बघितलं होतं फक्त, आणि म्हणाली होती, कोण मारतंय का तुला.

“तुला काहीच ऐकू येणार नाही मग,” मी म्हणाले. माझा आवाज फाटला.

“रडू नको, घसा बसंल,” ती म्हणाली. “पाय हायत की. वाजवा तुम्ही.”

राजवाडे काचेमागं निघून गेला.

आदिनाथनं माझ्याकडं बघितलं, आईच्या पायांकडं बघितलं. मग खाली बसून त्यानं दोन्ही बूट काढले. काकांच्या कारखान्यात चोवीस वर्षांत तो कधी अनवाणी फिरला नसेल. इलाहीनं काड्या आपटल्या, एक, दोन, तीन, चार.

ते गाणं चार मिनिटांचं आहे. मला त्यातली फार थोडी आठवतात. इलाहीचा पाय जमिनीतून माझ्या टाचेत येत होता, ते आठवतं. “हात बंद” म्हणताना जागा माझ्यासाठी दार उघडून उभी होती. “पाय बंद.” आदिनाथ पहिल्या दोन जागांत चुकला, सवयीनं वाजवत राहिला. तिसऱ्या जागेला त्यानं तळहात तारांवर ठेवला आणि खोली एकदम मोकळी झाली. मला इतका आनंद झाला की मी गाताना हसत होते. माझं सगळं लक्ष आईकडं होतं. ती डोळे मिटून बसली होती, पायाची बोटं जमिनीत रुतवून.

“आज,” मी म्हणाले. “खाडा!”

आणि मग ते शेवटचं थांबणं आलं. चार ठोके. आदिनाथचा हात तारांवर, इलाहीच्या काड्या हवेत, मी श्वास धरलेला. एक. दोन.

“आली!” आई म्हणाली.

पोटातून, सहज, बावीस वर्षं म्हणत आली होती तशी. खोलीच्या चारी भिंतींना लागून तो शब्द परत आला. तीन. चार. आणि आम्ही तिघांनी शेवटचा घाव घातला.

आईनं डोळे उघडले, आम्हा सगळ्यांची तोंडं बघितली आणि पदर तोंडाला लावला.

“तोंडातनं गेलं गं,” ती म्हणाली. “सवय. जागा पडली, टाकला शब्द. चुकलं का माझं?”

हेडफोनमध्ये राजवाडेचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “सुवर्णा, मी हरलो. अल्बम असाच करू. सगळा. फक्त शेवटी काकू बोलल्यात, ते काढतो. एका मिनिटाचं काम आहे.”

“हात लावायचा नाही त्याला.”

“अगं, पण लोकांना कळणार नाही काय आली ते.”

“नऊशे हिवाळे कळले होते?”

आदिनाथ गिटार खाली ठेवून म्हणाला, “राहू दे राजवाडे. न्हाईतर मीपण जातो हिच्याबरोबर.” मी त्याला तेवढ्यावर माफ केलं. पुरतं नाही, पण पुष्कळ.

दुसऱ्या अल्बमचं नाव आम्ही ‘खाडा’च ठेवलं. ‘विंटर्स’वाली बरीच पोरं चिडली, सोडून गेली. त्याहून जास्त नवी आली. राजवाडेकडच्या साडेतीनशे किंकाळ्या मी माझ्यासमोर पुसायला लावल्या. त्याला वाईट वाटलं, मला अजिबात नाही.

आता कुठंही गेलो तरी शेवटी ‘खाडा’ वाजवावंच लागतं. शेवटची जागा आली की आम्ही थांबतो, आणि समोरची पोरं, कन्नड, खासी, बंगाली, एका दमात ओरडतात, “आली!” कुणी मला विचारतं, म्हणजे क्रांती आली ना? कुणी म्हणतं, मरणाची वेळ आली. एकानं तर दंडावर गोंदवून घेतलंय. मी सांगते, अरे बाबांनो, कांडी. कांडी आली. त्यांना वाटतं मी चेष्टा करते.

गेल्या महिन्यात बेंगळुरूहून परत आले, तेव्हा आई लसूण सोलत बसली होती. मी तिला सांगितलं, आठशे पोरं होती, आणि आठशेजण तुझं ‘आली’ म्हणाले. तिनं माझ्या ओठांवरून ते नीट वाचलं, लसणाची पाकळी वाटीत टाकली आणि विचारात पडली.

“सगळीच ‘आली’ म्हणत्यात,” ती म्हणाली, “मग मागतंय कोण?”

मी तिच्यासमोर खाली बसले, तिला माझं तोंड नीट दिसेल अशी.

“मी,” म्हणाले.